गळ्यातला दुसरा कॅमेरा

मावसबहिणीच्या लग्नाला मिरजेला गेले होते. गेले पाहुणी म्हणूनच, पण माझी नजर काही पाहुणीची राहत नाही. मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते. फोटोग्राफर हार्ड डिस्क आणून देतात आणि त्यातले फोटो निवडून मी करिझ्मा अल्बमची पानं लावते. त्यामुळे कुठल्याही हॉलमध्ये शिरले की आधी स्टेजवरचे दिवे बघते, मग नवरी. त्या दिवशीचा फोटोग्राफर ओळखीचाच होता, माझ्याकडे काम देणारा. नुकताच मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आटोपशीर कॅमेरा घेतलेला, त्यावर पस्तीस एमएमची छोटी लेन्स, सगळं मिळून एका हातात मावेल एवढं. विधी सुरू व्हायच्या आधी नवरीचे मोठे काका त्याच्याजवळ गेले. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "अहो, मोठा कॅमेरा नाही का आणला? असला तर आमच्या नातवाकडं पण आहे." त्याने वाद घातला नाही. "आणलाय की काका," म्हणाला आणि बॅगेतून आरशाचा जुना, मोठा डीएसएलआर काढला. खाली बॅटरी ग्रिप, पुढे सत्तर-दोनशेची लेन्स, तिच्यावर हूड. पट्टा गळ्यात अडकवून तो पुन्हा कामाला लागला. काकांचं समाधान झालं. पंगतीत शेजारी बसला तेव्हा मी विचारलं, दोन-दोन बॉडी कशाला वागवतोस? तो हळूच म्हणाला, "ताई, त्यात बॅटरीच नाहीये."

मी हसले. पण नंतर ते डोक्यातून जाईना.

दीड किलोची लेन्स आणि ग्रिपसकट जवळजवळ तेवढीच बॉडी, सकाळपासून रात्रीच्या वरातीपर्यंत मानेला टांगून फिरायचं, तेही एकही फोटो न काढण्यासाठी. हा माणूस एरवी गरजेपेक्षा जास्त एक वायर बॅगेत ठेवत नाही. नवीन बॉडी घेताना त्याने किती जणांना फोन केले, हप्ता किती बसतो याचा किती हिशेब केला, ते मला माहीत होतं. आणि एवढा विचार करून घेतलेली वस्तू एका काकांच्या एका प्रश्नाने कमी पडली. मला काकांचा राग आला, थोडा त्याचाही आला. मग आठवलं की माझ्या टेबलाशेजारी अल्बमच्या पेट्यांचे नमुने रचून ठेवलेत. मखमली, अ‍ॅक्रिलिकच्या झाकणाची, आणि एक तर अशी की उघडली की आत दिवा लागतो. त्या दिव्याने आतला एकही फोटो सुधारत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी गिऱ्हाईक आलं की मी तीच पेटी आधी उघडून दाखवते.

कॅमेऱ्याबद्दल माझं ज्ञान उलट्या बाजूने आलेलं आहे. मी लग्नात फोटो काढत नाही, काढलेले बघते. प्रत्येक फाइलच्या पोटात सगळी माहिती असते: कुठली बॉडी, कुठली लेन्स, किती आयएसओ (उजेड कमी तसा हा आकडा वाढवायचा), शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं. ती वाचायची सवय लागली की फोटोग्राफरचा दिवस समोर उभा राहतो. सकाळी हळदीला एक पंचविसांश, एक पन्नासांश असले शटर दिसले की समजायचं, घराच्या आतल्या खोलीत, एका ट्यूबच्या उजेडात उरकलंय. दुपारी आयएसओ एकदम १०० वर आला की लॉन. संध्याकाळी ६४०० वर चढला की जांभळ्या दिव्यांचा हॉल. आणि बॅगेत कितीही लेन्स असल्या तरी दिवसाचं बहुतेक काम एकाच लेन्सने झालेलं असतं, ती म्हणजे चोवीस-सत्तर, एफ २.८. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो आणि मागचं तितकं धूसर होतं. बाकीच्या येतात, दर्शन देतात, परत बॅगेत जातात. पोरं मेगापिक्सलवर तावातावाने बोलतात तेव्हा मला गंमत वाटते. आमचा अल्बम बारा बाय छत्तीसचा. चोवीस मेगापिक्सलच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सल. तो एकच फोटो दोन्ही पानांवर पसरला तरी इंचाला १६० च्या वर ठिपके मिळतात आणि मांडीवर ठेवून बघणाऱ्याला त्यात काही कमी जाणवत नाही. पंचेचाळीस मेगापिक्सलच्या डिस्का आल्या की जाणवतं ते फक्त माझ्या कॉम्प्युटरला.

मग पैसे कशाला मोजतात? मला वाटतं, हौशी माणूस कॅमेरा घेतो तो त्याच्या मनातल्या सगळ्यात चांगल्या फोटोसाठी, आणि धंद्यातला माणूस घेतो तो दिवसातल्या सगळ्यात वाईट पाच मिनिटांसाठी. लग्नात ती पाच मिनिटं कुठली हे पत्रिकेवरच छापलेलं असतं. मुहूर्त बारा चौतीसचा आणि लग्न मोकळ्या लॉनवर, म्हणजे ऊन डोक्यावर, मुंडावळ्यांची सावली थेट डोळ्यांवर, आणि भर उन्हात फ्लॅश मारायची वेळ. मुहूर्त गोरज असेल तर उलटं. मंगलाष्टकं सुरू होताना असलेला उजेड शेवटच्या "सावधान"पर्यंत निम्म्यावर आलेला असतो. पुढे अंतरपाट सरकतो, वाजंत्री सुरू होते, अक्षता उडतात, हार पडतात. सगळं काही सेकंदांचं, आणि भटजी कुणासाठी पुन्हा करत नाहीत. त्यात उडत्या अक्षता लेन्ससमोरून जातात आणि जुन्या कॅमेऱ्यांचा फोकस नेमका तांदळाच्या दाण्यावर जाऊन बसायचा. असे फोटो मी कितीतरी पाहिलेत: एक दाणा लख्ख आणि मागे धूसर नवरा-नवरी. नव्या मिररलेसमध्ये फोकस माणसाचा डोळा धरून ठेवतो. आमच्या भागात या कॅमेऱ्यांकडे लोक वळले त्याचं खरं कारण हे आहे, लहान आकार नव्हे.

कार्डाचंही तेच. २०१८ मध्ये निकॉनने झेड ६ आणि झेड ७ आणले, कॅननने ईओएस आर आणला, आणि तिन्हींत कार्डासाठी एकच खाच. निसर्गचित्रं काढणाऱ्याला त्याचं काही वाटलं नसेल. लग्नवाल्यांनी मात्र तिथेच नाक मुरडलं. कार्ड क्वचितच बिघडतं हे मान्य, पण ते ज्या दिवशी बिघडेल त्या दिवशी कुणाच्यातरी मुलीचं लग्न असणार. त्याच वर्षी आलेल्या सोनीच्या ए७ थ्रीमध्ये दोन खाचा होत्या, म्हणजे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर ठेवता यायचा, आणि तो लग्नाच्या धंद्यात फटाफट शिरला. निकॉनने २०२० मध्ये पुढच्या आवृत्तीत दुसरी खाच दिली, तोवर बरेच जण गेले ते गेलेच. फोटोच्या दर्जात कुणी कुणाला हरवलं नव्हतं, प्रश्न झोप लागण्याचा होता.

आणि दिव्यांचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सायलेंट शटर लावलं की सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात. शटर शंभरांश किंवा पन्नासांशवर आणलं की बहुतेक वेळा सुटका होते, पण मागे एलईडी वॉल असली तर तीही नाही. हे पट्टे मला काढता येत नाहीत. नवरीच्या शालूवर आलेले तर नाहीच नाही.

लहानपणी आमच्या गावात एकच स्टुडिओ होता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर जिना आणि कारंजं, आणि तिपाईवर याशिकाचा दोन डोळ्यांचा कॅमेरा. फोटोवाले काका त्यात वरून खाली मान घालून बघायचे. आत डावं-उजवं उलट दिसतं हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच आठवतं की ते सांगायचे एक बाजू, आणि हाताने दाखवायचे दुसरी. वासावर मी तो स्टुडिओ आजही ओळखेन, पावडरचा डबा, गरम झालेला दिवा आणि आतल्या काळ्या खोलीतून येणारा आंबूस दर्प. एका रोलमध्ये बारा फोटो. आईने मला हलू नकोस म्हणून दटावलं होतं, कारण तेरावा नव्हता. तोच कॅमेरा का, याचं कारण मी पुढे त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्याची निगेटिव्ह सहा सेंटिमीटरची, म्हणजे तिच्यावर पेन्सिलीने रिटचिंग करता यायचं. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं निगेटिव्हवरच टोकदार शिसाने भरायचं. पस्तीस एमएमच्या एवढ्याशा निगेटिव्हवर पेन्सिल टेकवणार कुठे? मुलीचा फोटो स्थळाकडे पाठवायचा असायचा, आणि ते काम त्या सहा सेंटिमीटरवर चालायचं. पुढे रंगीत रोल आले, कलर लॅब आल्या, लॅबला पस्तीस एमएम सोयीचा म्हणून सगळे तिकडे गेले आणि पेन्सिली पडून राहिल्या. काकांना ते कधी रुचलं नाही. त्यांच्या मते नवीन कॅमेरा खोटं बोलू देत नव्हता, आणि खोटं बोलणं हाच त्यांचा धंदा होता. हे ते हसत म्हणायचे की गंभीरपणे, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे जुने फोटो बघताना मला नेहमी त्यांच्या हातातलं यंत्र आधी दिसतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली ही पारशी बाई पुढे दिल्लीत साडी नेसून स्पीड ग्राफिक हा अवजड प्रेस कॅमेरा घेऊन पुढाऱ्यांसमोर उभी राहायची. चार बाय पाच इंचाची फिल्म, एका होल्डरमध्ये दोनच, आणि प्रत्येक फोटोला एक नवा फ्लॅश बल्ब. एकदा पेटला की फेकायचा. म्हणजे फोटो काढला की होल्डर उलटा, गरम बल्ब काढा, नवा बसवा, आणि तोवर समोरचा मंत्री निघून गेलेला. तरी वृत्तपत्रांच्या त्या काळाला तोच कॅमेरा सोयीचा होता. भली मोठी निगेटिव्ह, हवा तेवढा तुकडा कापून छापा. त्या रोलिफ्लेक्सही वापरायच्या. त्याच सुमाराला, १९४७-४८ मध्ये, फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भारतात फिरत होते, हातात लायकाचा छोटा कॅमेरा, पन्नासची लेन्स, आणि कॅमेऱ्याचा चकचकीत धातू दिसू नये म्हणून वर काळी टेप. एकाच देशात, एकाच धामधुमीत, कधी कधी एकाच माणसासमोर उभे राहिलेले हे दोघं. कुणाचा कॅमेरा चांगला, हा प्रश्नच मला निरर्थक वाटतो. बाईंना समारंभात रीतसर जागा होती, उद्याच्या अंकाची घाई होती. ब्रेसाँना कुणाच्या ध्यानात न येता गर्दीत मिसळायचं होतं.

वारीचे फोटो काढणारा एक जण माझ्याकडे प्रदर्शनाच्या प्रिंटची कामं देतो. लग्नवाल्यांचं सामान बघून तो हात जोडतो. दिवे घाटात पाऊस, खाली चिखल, खांद्याला शबनम, आणि तिच्यात एक बॉडी, एक चोवीस-एकशेवीस आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्या. एफ ४ ची लेन्स, लग्नवाले जिला अंधाराची म्हणून नावं ठेवतात ती. पण रिंगणात अश्व धावला की धूळ उठते, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात, बुक्का उडत असतो. तिथे लेन्स बदलायला बॉडी उघडणं म्हणजे सेन्सरवर बुक्का लावून घेणं. म्हणून बदलावीच लागणार नाही अशी एक लेन्स. त्याने अजून जुना निकॉन डी७५० सोडलेला नाही, तोही बॅटरीपायी. प्रमाणित चाचणीत त्याची एक बॅटरी १२३० फोटो देते, झेड ६ ची ३१०. प्रत्यक्षात दोन्ही जास्तच देतात, पण मुक्कामाला शाळेच्या एका प्लगवर वीस मोबाइल टांगलेले असताना फरक कळतो, असं तो म्हणतो.

वृत्तपत्रवाल्यांना तर निवडायला वेळही नसतो; खांद्यावर आहे ते आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा 'मुंबई मिरर'च्या कचेरीतून समोरच्या सीएसटीत धावले तेव्हा त्यांच्याजवळ निकॉन आणि दोन लेन्स होत्या. कसाबचा तो फोटो आपण सगळ्यांनी इतक्यांदा पाहिलाय की तो कुणीतरी तिथे, आडोशाला उभं राहून, लांबच्या लेन्समधून काढलाय हे विसरायला होतं. तिथे फ्लॅश मारणं म्हणजे स्वतःचा पत्ता सांगणं. लांबची लेन्स त्या रात्री कचेरीत राहिली असती तर, असा विचार माझ्या मनात येतो आणि पुढे जात नाही.

या सगळ्या थोर कारणांच्या खाली एक साधं कारण असतं, जे कुणी मुलाखतीत सांगत नाही. आमच्या आसपासच्या गावांत बघा, एका गावातले बहुतेक फोटोग्राफर एकाच कंपनीचे निघतील. कारण मे महिन्यात एकाच दिवशी पाच मुहूर्त असतात आणि ऐन वेळी शेजारच्याची लेन्स उसनी आणावी लागते. तुमचा माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची जागा, वेगळा असेल तर तुम्ही एकटे. शिवाय दुरुस्ती कुठे होते, पुण्याला की मुंबईला. पार्सल परत यायला किती दिवस. आणि विकायला काढलं तर किती येतील. मुंबईत बोरा बाजारात सेकंडहँड बॉडी घ्यायला गेलं की गाडीचे किलोमीटर विचारावेत तसा पहिला प्रश्न, किती क्लिक झालेत? लेन्स असेल तर मागून टॉर्च मारून आत बुरशी आहे का ते बघतात. कोकणातून आलेली लेन्स असेल तर जरा जास्तच वेळ बघतात. चित्रणाचा दर्जा वगैरे गोष्टी या सगळ्यानंतर, चहा सांगितल्यावर.

मिरजेच्या लग्नाची डिस्क महिन्याभराने माझ्याकडेच आली. त्याच्या जोडीला असिस्टंटचीही फाइल होती, मागून, खुर्चीवर चढून काढलेले फोटो. मंगलाष्टकं संपतानाची ओळ मी एकेक करून बघत होते. अंतरपाट सरकतोय, आणि नेमके सगळे मोबाइल घेऊन स्टेजकडे सरकलेत, दोन मामा, कुणाची तरी मेहुणी, तो काकांचा नातूही. त्या गर्दीच्या डाव्या कडेला हा. पहिल्या फोटोत तो बाहेर आहे. दुसऱ्यात त्याने गळ्यातली ती बॅटरी नसलेली तोफ दोन्ही हातांनी पुढे धरलीय आणि लोक मागे वळून बघताहेत. तिसऱ्यात वाट झालीय. चौथ्यात तो पुढे आहे, मोठा कॅमेरा कमरेशी लोंबतोय आणि छोटा डोळ्याला लावलेला आहे. नातवाकडेही तेवढाच कॅमेरा होता, पण नातवाला कुणी वाट दिली नव्हती. अंतरपाटामागून नवरीने पहिल्यांदा वर बघितलं तो फोटो त्याच्याच फायलीत आहे, पस्तीसच्या लेन्सचा, फोकस डोळ्यावर. अल्बममध्ये मी तो दोन्ही पानांवर लावला, घडी तोंडावर येणार नाही अशा बेताने. काकांनी तो बघून काय म्हटलं असेल मला माहीत नाही. मोठा कॅमेरा आणायला लावला ते बरं झालं, असंच म्हटलं असणार, आणि तसं बघितलं तर ते चूकही नाही.

हल्ली मला छळतो तो दुसराच प्रकार. नवी पोरं पंच्याऐंशीची लेन्स लावतात आणि सकाळपासून रात्रीपर्यंत एफ १.४ वर ठेवतात. नवरीच्या पापण्या धारदार, कानातलं वेल निम्मं स्पष्ट, मागे सगळं लोणी. मोबाइलवर फार सुरेख दिसतं. परवा एका नवरीची आई अल्बमचे फोटो निवडायला आली. कन्यादानाचे फोटो पुढे-मागे करत राहिली, कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लागेल इतकी वाकून. मला वाटलं स्वतःचा फोटो शोधतेय. शेवटी म्हणाली, "माझी आई मागंच बसली होती, खुर्चीवर. हिरवं लुगडं. ती नीट दिसेल असा एखादा?" आम्ही दोघींनी सगळे फोटो पुन्हा बघितले. मागे हिरवा डाग होता. प्रत्येक फोटोत होता, योग्य जागी, सुंदर पसरलेला. म्हातारीचं लग्नानंतर चार महिन्यांत काही झालं असेल असं माझ्या मनात आलं, पण तसं नव्हतं, ती घरी होती, खडखडीत. तरीही तिच्या लेकीला तो फोटो हवा होता.

ती गेल्यावर मी त्या पोराला फोन लावला. म्हटलं, विधींना निदान एफ ४ ठेव रे, मागची माणसं कळू देत, अल्बम काय नुसता नवरीचा असतो? त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"ठेवतो की ताई," म्हणाला, "फक्त त्या हॉलवाल्याला तेवढं दिवे वाढवायला सांगा."